तुटक रेघ

काकांनी आम्हाला आडनाव विचारलं नाही. पुण्यात येऊन आम्हाला दोन महिने झाले होते आणि तोवर पाच-सहा घरमालकांनी ते दारातच विचारून घेतलं होतं. आडनाव ऐकलं की जागा नेमकी आदल्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकलेली असायची. बिबवेवाडीतल्या त्या दुमजली घराच्या दारात मात्र एक किडकिडीत गृहस्थ आमच्या पायांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रोज किती चालता?"

"बसस्टॉपपर्यंत जातो नं," माझा नवरा म्हणाला.

"त्याला बस पकडणं म्हणतात. मी चालण्याचं विचारतोय."

आमची चिमी तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं पुढं होऊन सांगितलं की ती शाळेतून घरी चालत येते आणि मध्ये एक कुत्रं लागतं. काकांनी गंभीरपणे मान डोलावली. मग आम्हाला म्हणाले, "भाडं काकू सांगतील. माझी अट एकच आहे. दरवर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर दोन दिवस सहलीला यायचं. सहकुटुंब. हिच्यासकट."

"कुठं जायचं सहलीला?" मी विचारलं.

"ह्या गावाहून त्या गावाला."

"म्हणजे कोणत्या?"

"गेल्यावर दिसेलच की."

वरच्या खोल्या बघून जिना उतरल्यावर नवरा हळूच म्हणाला, "माणूस थोडा सटकेल दिसते बाप्पा." आम्ही विदर्भातले, तिकडं अशा माणसाला सटकेल म्हणतात. मी म्हटलं, सटकलेला असू दे, खोल्यांना उजेड चांगला आहे. आम्ही राहायला गेलो आणि दहा वर्षं राहिलो.

काका एका सरकारी कचेरीत जमिनींचे नकाशे काढायचे. निवृत्त होऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. आयुष्यभर कागदावर वाकल्यामुळं त्यांची मान पुढं आलेली होती, आणि चालतानाही नजर दोन पावलं पुढच्या जमिनीवर असायची. पँटची टोकं मोज्यात खोचलेली, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, बारा महिने हातात छत्री. उजव्या खिशात दहा-बारा चिंचोके. मनातल्या मनात शंभर पावलं मोजून झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. मध्येच कुणी काही विचारलं तर ते बोट वर करून थांबवायचे आणि शंभर पूर्ण झाल्यावर उत्तर द्यायचे. त्यामुळं त्यांच्याशी बोलताना प्रश्न एका बांधावर विचारला तर उत्तर पुढच्या बांधावर मिळायचं, आणि दरम्यान आपण काय विचारलं होतं ते आपणच विसरलेलो असायचो.

जमिनीच्या कागदात चारी बाजूंना काय आहे ते लिहितात, त्याला चतुःसीमा म्हणतात. काका सगळ्याच गोष्टींच्या चतुःसीमा सांगायचे. चहाच्या कपाच्या सांगायचे, काकूंच्या सांगायचे. चिमीनं ते लगेच उचललं. रविवारी दुपारी ती आमच्या दोघांच्या मध्ये आडवी व्हायची आणि छताकडं बघत म्हणायची, "पूर्वेस आई, पश्चिमेस घोरणारे बाबा, उत्तरेस भिंत, दक्षिणेस लाथाडलेलं पांघरूण." काकांना हे कळल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि घोरणं हा बाबांचा भाग धरायचा की वेगळा दाखवायचा, यावर तिच्याशी अर्धा तास चर्चा केली.

आमच्या गल्लीत दोन इमारतींच्या मधून पलीकडच्या भाजीबाजारात जायला एक बोळ होती. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमननी एक दिवस तिला लोखंडी दार बसवून कुलूप घातलं. काकांनी भांडण केलं नाही, अर्ज केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी चेअरमनची बेल वाजवली आणि म्हणाले, "आपल्याला तसदी देतोय. कुलूप काढता का? मला जायचंय." पाच मिनिटांनी मेथीची जुडी घेऊन परत येताना पुन्हा बेल. असं रोज, अतिशय नम्रपणे. दहाव्या दिवशी कुलूप गेलं आणि पंधराव्या दिवशी दारही गेलं. चेअरमन नंतर जन्मभर काकांना लांबून बघूनच गल्ली बदलत असत.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करत होते. सन दोन हजार येऊ घातलं होतं आणि सगळ्या कंपन्या त्याच एका घोळाच्या मागं लागल्या होत्या. काकांनी एकदा मला तो घोळ समजावून सांगायला लावला. मी सांगितलं, की पूर्वीच्या लोकांनी वर्ष लिहिताना जागा वाचावी म्हणून सुरुवातीचे दोन आकडे लिहिलेच नाहीत. त्यांना वाटलं, काय फरक पडतो. आणि आता जगभर माणसं लावून ते पुन्हा घालावे लागतायत.

काका बराच वेळ छत्रीची मूठ पुसत बसले. मग म्हणाले, "आणि ज्यांनी गाळले, त्यांना आता काय वाटत असेल?"

"त्यांना काय वाटायचंय? ते कधीच रिटायर झाले."

"हो. ते खरंच," काका म्हणाले आणि उठून आत गेले.

पहिल्या सहलीला आम्ही नाइलाजानं निघालो. कात्रजपर्यंत सिटी बस, पुढं घाट ओलांडून एसटी, आणि मग एका वळणावर काकांनी घंटी मारायला लावून आम्हाला उतरवलं. तिथं गाव नव्हतं, पाटी नव्हती. वडाचं एक झाड आणि त्याखाली झोपलेली दोन कुत्री. मी म्हटलं, "काका, ट्रेकिंगला बूट लागतात ना?" काकांनी बोट वर केलं. काही वेळानं सीताफळाच्या एका बागेच्या कडेला त्यांनी चिंचोका सरकवला आणि मागं वळले. "ट्रेक म्हणजे वर जायचं, फोटो काढायचा आणि खाली यायचं. वर कुणी राहत नाही. आपण माणसांकडून निघून माणसांकडं जातोय. त्याला चपला पुरतात."

त्या वाटा मला अजून दिसतात. डोळे मिटावे लागत नाहीत. ऑफिसात संगणकासमोर बसल्या बसल्याही दिसायच्या. पायाखाली जेमतेम एका माणसाची रुंदी, दोन्हीकडं गुडघ्याएवढी ज्वारी, तिच्या पानांवरचं दव पायजम्याला आणि साडीला पुसत जायचं. मग वाटाण्याचं शेत, तिथं हवा थोडी गोड. मग माळ, तिथं वाळलेल्या गवताची कुसळं कपड्यांत शिरून बसायची आणि संध्याकाळपर्यंत टोचायची. वाट विहिरीला वळसा घालायची, एखाद्या मोठ्या दगडापाशी आल्यावर उगाचच दोन फाटे व्हायची आणि दहा पावलांवर पुन्हा एक व्हायची. चिमी दर वेळी डाव्या फाट्यानं जायची आणि आम्ही उजव्या. पुन्हा भेटलो की ती "कशा आहात?" असं विचारायची, वर्षांनी भेटल्यासारखं. सगळं इतकं सावकाश चाललेलं असायचं की आपण चालतोय की जमीनच मागं सरकतेय, ते कळू नये. काकू मागून गुणगुणत यायच्या. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात डब्यांची पिशवी. मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की कुठंच पोचायची घाई नाही.

वाटेत लागेल त्या घरी काका पाणी मागायचे. तहान नसली तरी. नवऱ्यानं विचारलं, "काका, बाटली आहे नं आपल्याजवळ. काहून मागायचं?"

"पाणी दिलेलं माणसाच्या लक्षात राहतं," काका म्हणाले. "नुसतं दारावरून गेलेलं राहत नाही."

"अन् आम्ही काहून पाहिजे तुमच्यासोबत?"

याचं उत्तर बऱ्याच पुढं, करवंदीच्या जाळीपाशी आलं. "एकटा पुरुष शेतातून निघाला की तो चोर तरी असतो, नाहीतर सरकारी माणूस. दोन्ही कुणाला नको असतात. बरोबर बाईमाणूस आणि लेकरू असलं की ती नुसती जाणारी-येणारी माणसं होतात. जाणारी-येणारी माणसं असली म्हणजे ती वाट असते."

शेवटी एक ओढा लागला. दोन्हीकडं उंच दरडी, फक्त एकाच जागी जमीन हलकेच खाली उतरत जाऊन पाण्याला लागलेली. तिथं सपाट दगड टाकलेले होते आणि पलीकडं चढ चढला की एक वस्ती होती. त्या उतारावर करंजाच्या सावलीत आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चिमीनं पाण्यात पाय सोडले. काका खाली पाय धुवायला गेले, तेव्हा काकूंनी मला हे सगळं काय आहे ते सांगितलं.

या गावाचा नकाशा वीसेक वर्षांपूर्वी नव्यानं काढायचा होता, आणि तो काकांनी काढला. गावाच्या नकाशात पाऊलवाट तुटक रेघेनं दाखवतात. गावातून शेतांमधून या उताराला आणि इथून वस्तीला जाणारी वाट त्यात दाखवायची राहून गेली. "उन्हाळ्याचे दिवस होते, ह्यांच्या अंगात ताप होता," काकू म्हणाल्या. "राहून गेली बिचारी. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढं ह्यांच्या लक्षात आलं, ह्यांनी लिहून कळवलं, तर वरचे म्हणाले, एकदा कायम झालेला नकाशा आता बदलत नाही. आता ही जमीन कुणी विकली, कुंपण घातलं, तर वस्तीवाल्यांनी दाखवायचं काय? शाळा गावात. रस्त्यानं जायचं तर पुलावरून केवढा वळसा, आणि त्या रस्त्यावर खडीचे डंपर. मोठी माणसं जातील हो. पोरींना कोण पाठवणार?"

"मग तुम्ही दरवर्षी येता ते..."

"कागदावर काढता येत नाही म्हणून पायानं काढतात," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "उद्या तंटा झालाच, तर गावातली दहा माणसं सांगतील ना, की हो, इथून वाट आहे. दरसाल ती पुण्याची येडी माणसं जातात."

चढावर भामाबाई उभ्या होत्या. वस्तीतलं पहिलं घर त्यांचं. साठीच्या असतील, कमरेवर हात, डोक्यावर पदर. त्यांच्या घरामागं मला पंचशील झेंडा दिसला आणि माझ्या तोंडून आपसूक "जय भीम" गेलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"जय भीम, जय भीम! आपलीच हायत की!" त्या म्हणाल्या. काकांकडं वळून म्हणाल्या, "आवंदा पोरगीबी आणलीसा. बरं केलंत. तुमी आल्याबिगर आमची दिवाळी सरत न्हाई."

त्यांच्या घरात त्या दिवशी साडीच्या झोळीत एक तान्ही नात झोपली होती. चिमी तिला झोके देत बसली. मला माझी आजी आठवली. आजीला तिच्या गावात भर वस्तीतून जायला बंदी होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती गावाबाहेरून वळसा घालून जायची, आणि म्हातारपणी खाटेवर पडल्यावरही तो वळसा तिच्या पायांत दुखायचा. मी हे काकांना सांगितलं. परतताना उतारावर त्यांनी मला हात देऊन दगड ओलांडून दिले.

अशा सात-आठ सहली झाल्या. दरम्यान पुणं वाढत गेलं, माझी कंपनी शहराबाहेर एका काचेच्या इमारतीत गेली, नवऱ्याला बढती मिळाली, चिमी आमच्या खांद्याला लागली. भाऊबीज झाली की आम्ही न सांगता कुसळं न चिकटणारे कपडे काढायचो. काका थोडे वाकले होते. चिंचोके तेवढेच होते. भामाबाईंची नात गावातल्या शाळेत जायला लागली होती आणि आम्ही गेलो की पाढे म्हणून दाखवायची.

आता पुढचं सांगायला मला जड जातं.

ऑफिसात सगळे प्लॉट घेत होते. माझ्या टीममधला एक मुलगा रोज नवं ब्रोशर आणायचा. "मॅडम, ही स्कीम बघा. लोकेशन एकदम सॉलिड आहे, पुण्यापासून तासाभरात. वीकेंड होम टाकून द्या." स्कीमचं नाव इंग्रजी होतं आणि त्या नावात 'मेडोज', म्हणजे कुरणं, होती. ब्रोशर उघडलं आणि मी त्यातला ओढा ओळखला.

आम्ही रविवारी गेलो. एजंटनं उत्साहात नकाशा पसरला. "सगळं क्लिअर आहे मॅडम. हा ओरिजिनल गावनकाशा. बघा, साधी पाऊलवाटसुद्धा नाही मधून." ओढ्याकडचा कोपऱ्यातला प्लॉट रिकामा होता. त्यात तो उतार होता, करंज होता, आम्ही ज्याखाली बसून भाकरी खायचो ती सावली होती. आम्हाला दुसरा कुठलाच प्लॉट नको होता. नवरा म्हणाला, "हे आपलंच ठिकाण आहे नं." मलाही अगदी तसंच वाटलं.

माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. लोकांच्या कामातली बारीकशी चूक मला दहा पावलांवरून दिसायची. तो नकाशा स्वच्छ का आहे, हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं, आणि तो तसा आहे याचा मला त्या दिवशी आनंद झाला. वाट काय, जरा बाजूनं वळेल, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्हीकडं दरडी आहेत, ती वळणार कुठं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मेमध्ये स्कीमच्या ऑफिसातून फोन आला, की कंपाउंड किमतीतच आहे, तारा लावून टाकू का? नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, हो, लावून टाका.

त्याच्याआधी, प्लॉट नावावर झाला त्या दिवशी, पेढे आणि प्लॅन घेऊन आम्ही खाली काकांकडं गेलो होतो. आम्हाला त्यांना चकित करायचं होतं. काकांनी प्लॅन टेबलावर पसरला, चष्मा बदलला. बोट कडेकडेनं फिरवत आमच्या प्लॉटवर आणून थांबवलं.

"उतार तुमच्यात आला."

"हो! तीच तर गंमत आहे," मी म्हटलं.

"हं." त्यांनी प्लॅनची घडी जशी होती तशी घातली. "नकाशा छान काढलाय. सुबक." मग पेढा खाल्ला, काकूंना अर्धा दिला, आणि पावसाळा लवकर येईलसं दिसतंय म्हणाले. रागावले नाहीत, अबोला धरला नाही. मला वाटलं, त्यांना आवडलं.

त्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी पायरीवर छत्री घेऊन उभे होते. आम्ही निघालो. एसटीतून उतरलो तर वडाच्या झाडामागं स्कीमची कमान होती आणि आत काळंभोर नवं डांबर. ज्वारी नव्हती. सीताफळं नव्हती. चुन्याच्या रेघा आणि नंबरांचे दगड होते. वॉचमननं माझ्या नवऱ्याला सलाम ठोकला. काका डांबरावरून चालले. आज ते पावलं मोजत नव्हते. चिमीनं मला खुणेनं ते दाखवलं.

आमच्या प्लॉटपाशी आलो. दगडी खांब, त्यांवर काटेरी तारेचे पाच पदर, पुढं लोखंडी फाटक. नवऱ्यानं किल्ली काढली. काका फाटकाबाहेर चार पावलांवर थांबले. त्यांनी छत्री काखेत धरली, आणि मला म्हणाले, "येऊ का आत?"

चेअरमनला रोज सहाला उठवणारा माणूस. कुणाच्याही बांधावरून न विचारता जाणारा माणूस. मी म्हटलं, "काका, असं काय विचारता?"

"तुमची जागा आहे. विचारायला नको?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर टोमणा मला कळतो. ते खरोखरच विचारत होते.

"काका, चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" काका म्हणाले. "मी वर्षातून एकदा येतो."

आम्ही आत गेलो. करंज होता. उताराच्या कडेला पुन्हा तार होती, आणि तारेच्या पलीकडं, ओढ्यातल्या दगडांवर भामाबाई उभ्या होत्या. त्या आमची वाट बघत होत्या. आमच्यात आणि त्यांच्यात दहा हात अंतर असेल.

"आलासा? मी म्हनलं, आवंदा येत्यात का न्हाई," त्या ओरडून म्हणाल्या. "हतनं काय येता येनार न्हाई तुमास्नी. पुलावरनं या."

"नात कुठंय?" मी विचारलं.

"घरीच हाय की. जूनपासनं घरीच हाय. शाळा बंद झाली तिची. बाप म्हनला, डंपरखाली घालू का पोरीला?" त्या तक्रार करत नव्हत्या, खबर सांगत होत्या. मग दगडांवरून तारेपाशी येऊन, तारेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कुनी पुन्याच्या सायबानं घेतलाय म्हनं ह्यो तुकडा. तुमी वळकता का वो त्यास्नी? जरा सांगून बगा. तुमचं ऐकतील."

मी काकांकडं बघितलं. ते ओढ्याकडं बघत होते. काकू माझ्याकडं बघत होत्या, नवरा जमिनीकडं. चिमी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"आम्हीच घेतलाय, भामाबाई," मी म्हटलं.

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी वाट बघत होते की आता त्या काय म्हणतील, आणि जे काही म्हणतील ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. त्या हसल्या. "मंग बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं कुनी परकं हाय का काय."

आजपर्यंत मला कुणी एवढं लागेल असं बोललेलं नाही, आणि त्यांच्या मनात तर तसलं काही नव्हतंच. नवरा एकाएकी पुढं झाला आणि दगड घेऊन तारेच्या खिळ्यांवर घाव घालायला लागला. फाटकाच्या अंगाची तार आणि उताराच्या अंगाची तार, दोन्ही त्यानं उघड्या हातांनी उकलली. हात रक्ताळले. काका म्हणाले, पक्कड आणायला हवी होती. कुणी थांबवलं मात्र नाही.

तो प्लॉट अजून आमच्याच नावावर आहे. आम्ही रीतसर कागद करून त्यातून जाण्या-येण्याचा हक्क लिहून दिला आणि प्लॉटच्या नकाशात तो दाखवला. ती रेघ काकांनी स्वतः ओढली. सगळे तुकडे सारख्या लांबीचे आले. मधोमध वाट असल्यामुळं त्या जागेवर घर बसत नाही, आणि ती कुणी विकत घेत नाही. ऑफिसात बरेच दिवस लोक मला त्यावरून चिडवायचे. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

पण त्या दिवाळीनंतर शाळा उघडली, त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. मी रजा टाकली होती. भामाबाईंची नात खरंच शाळेला निघते का, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. काका म्हणाले, मीही येतो. पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघंच गेलो. धुकं होतं. ओढ्यावर तर इतकं दाट, की पलीकडचा चढ दिसत नव्हता. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. आम्ही करंजाखाली उभे राहिलो.

आधी बोलणं ऐकू आलं, मग हसणं. मग धुक्यातून भामाबाईंची नात वर आली, दप्तर पाठीला, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. तिच्यामागं आणखी एक मुलगी आली. तिच्यामागं दोन. मग एक मोठी, धाकटीचा हात धरलेली. येतच राहिल्या. एकूण नऊ होत्या. आमच्याकडं जरासं बघून, आपसांत बोलत, त्या प्लॉटमधून गेल्या आणि डांबरावर पोचल्यावर पळायला लागल्या.

"काका," मी म्हटलं, "मला वाटलं होतं, एकच मुलगी आहे."

काका त्या गेल्या त्या दिशेनं बघत होते. मग म्हणाले, "मला एक म्हातारा दिसला होता."

मला कळलं नाही.

"नकाशा करताना. मी इथंच उभा होतो, ह्याच झाडाखाली. वाट तर दिसत होती. म्हटलं, कोण वापरतं बघू या. तासभर थांबलो. एक म्हातारा आला, शेळी घेऊन. दुसरं कुणी आलं नाही." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराचा सोगा शोधावा तसा हात पँटवरून फिरवला, मग शर्टाला पुसला. "उन्हाळ्याची सुट्टी होती. शाळा बंद होती. ते माझ्या डोक्यात आलं नाही. म्हटलं, एका म्हाताऱ्यासाठी कशाला रेघ ओढायची?"

"पण काकू तर म्हणाल्या, तुम्हाला ताप होता. राहून गेली."

"तिला मी तसं सांगितलंय," काका म्हणाले. "राहून गेली नव्हती. मी सोडली होती."

धुकं हळूहळू वर जात होतं. गावातल्या शाळेची घंटा त्या उतारापर्यंत ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळलं.